पकडल्यानंतरची ड्युटी

देवळाली कॅम्पाच्या बाजूनं सकाळी धडाम असा आवाज आला, की नाशिकमध्ये नवा आलेला भाडेकरू दचकतो आणि घरमालक चहाचा कप खाली न ठेवता सांगतो, ‘काही नाही, रेंजवर फायरिंग चाललंय.’ तोफखान्याचं शिक्षण देणारी संस्था १९४८ पासून देवळालीत आहे. तिकडे ओझरला १९६४ मध्ये लढाऊ विमानांचा कारखाना उभा राहिला; आधी मिग, मग सुखोई. सुट्टीवर आलेला जवान नाशिकरोड स्टेशनावर ट्रंक खांद्यावर घेऊन उतरतो, त्याकडे कुणी वळून बघत नाही, इतकं सैन्य या जिल्ह्याच्या अंगवळणी पडलेलं आहे.

तरीही सैनिकाच्या आयुष्यातला एक भाग इथल्या गप्पांत येत नाही. शत्रूच्या हाती सापडल्यानंतरचा. लढाईची गोष्ट आपण गोळी लागेपर्यंत सांगतो. सैनिक हुतात्मा झाला तर चौकाला नाव देतो, शत्रूची चौकी जिंकली तर मिरवणूक काढतो. पण तो जखमी झाला, जगला आणि पकडला गेला, तर पुढच्या दिवसांचं काय? त्या दिवसांत तो काय करतो, कशासाठी उठतो, कुणाच्या हुकमावर चालतो, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही. जणू पकडला गेला तेव्हाच त्याची नोकरी संपली.

ती संपत नाही. ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर यांची हकिगत म्हणूनच पुन्हा सांगावीशी वाटते. १० ऑगस्ट २०२५ रोजी पुण्यात, वयाच्या ८२ व्या वर्षी ते गेले. वर्तमानपत्रांनी ‘पाकिस्तानच्या कैदेतून पळालेला वैमानिक’ अशी त्यांची ओळख करून दिली. ती खरी आहे, पण पळण्याची रात्र एकच होती. तिच्याआधी आठ महिन्यांचं काम होतं, आणि ते एकट्याचं नव्हतं.

परुळकर मार्च १९६३ मध्ये हवाई दलात दाखल झाले. अडीच वर्षांत पहिलं युद्ध आलं. सप्टेंबर १९६५ मध्ये ते हंटर विमान चालवत होते. एका कामगिरीत जमिनीवरून झालेल्या माऱ्यात त्यांचं विमान सापडलं आणि उजव्या खांद्याला जखम झाली. लढाऊ विमानात उजवा हात स्टिकवर असतो आणि डावा थ्रॉटलवर. म्हणजे ज्या हातानं विमान वळवायचं, वर घ्यायचं, शेवटी धावपट्टीवर टेकवायचं, नेमका तोच जायबंदी झाला होता. बरोबरच्या लीडरनं रेडिओवर सांगितलं, उडी मार. परुळकरांनी उडी मारली नाही. रक्त गळत असताना, मार खाल्लेलं विमान त्यांनी तळावर परत आणलं. त्याबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळालं. तेव्हा वय होतं बावीस-तेवीस.

या माणसानं पुढे आपल्या वरिष्ठांना एकदा सांगून ठेवलं होतं, की मी कधी पकडला गेलो तर पळून येईन. तरुण वैमानिक मेसमध्ये असं बरंच काही बोलतात. पण परुळकरांच्या बाबतीत ते बोलणं ठरावासारखं मनात राहिलं असावं, कारण पुढे वेळ आली तेव्हा त्यांना नव्यानं विचार करावा लागला नाही.

ती वेळ १० डिसेंबर १९७१ रोजी आली. आता ते फ्लाइट लेफ्टनंट होते आणि सुखोई-७ उडवत होते. ओझरला आज ज्या घराण्याची विमानं तयार होतात, त्यातलंच ते जुनं, एका इंजिनाचं, दणकट विमान. जमिनीवरच्या लक्ष्यांवर कमी उंचीवरून हल्ले करणं हे त्याचं काम, त्यामुळे जमिनीवरच्या तोफांचा मारही त्यालाच जास्त. पाकिस्तानातल्या झफरवालच्या परिसरात परुळकरांचं विमान पडलं. पॅराशूटनं ते खाली उतरले ते गावकऱ्यांच्या तावडीत. मार खाल्ला, मग गणवेशातल्या माणसांच्या ताब्यात गेले. हवेतल्या माणसाला जमिनीवर आल्यावर पहिली भीती सैन्याची नसते, जमावाची असते. अनेक देशांच्या वैमानिकांनी हेच सांगून ठेवलं आहे.

रावळपिंडीत पाकिस्तानी हवाई दलाची एक बंदिस्त छावणी होती. पकडलेल्या भारतीय वैमानिकांना तिथे आणलं जाई. सुरुवातीला प्रत्येक जण वेगळ्या कोठडीत, शेजारी कोण आहे याचा पत्ता नाही. चौकशी रोजची. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार युद्धकैद्यानं नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सेवाक्रमांक एवढंच सांगायचं असतं. कागदावर हा नियम एका ओळीचा आहे. झोप मोडून, एकटं ठेवून, तोच प्रश्न विसाव्यांदा विचारला जातो तेव्हा त्या एका ओळीला धरून राहणं हीच त्या दिवसाची ड्युटी असते. कैदेतल्या कामाची सुरुवात अशी, काही न सांगण्यापासून होते.

२५ डिसेंबरला, नाताळच्या दिवशी, या सगळ्यांना पहिल्यांदा एकत्र येऊ दिलं. छावणीचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद हे सभ्य गृहस्थ होते. केक आला. डझनभर माणसं एकमेकांकडे बघत उभी राहिली. कुणाचा पाय प्लास्टरमध्ये, कुणाची पाठ प्लास्टरमध्ये, सगळ्यांच्या दाढ्या वाढलेल्या. विंग कमांडर कोएलो त्यांच्यात सर्वांत ज्येष्ठ. तेवढ्यानं खोलीचं रूप बदललं. कारण आता तिथे हुद्द्यांची उतरंड लागली होती, आणि जिथे ज्येष्ठ अधिकारी आहे तिथे तुकडी आहे.

त्या तुकडीत जखमी बरेच होते. स्क्वाड्रन लीडर धीरेंद्र जाफा यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली होती. स्क्वाड्रन लीडर कामत यांचे दोन्ही पाय मोडले होते. फ्लाइट लेफ्टनंट जवाहरलाल भार्गव यांची गोष्ट वेगळीच. त्यांचं मरुत विमान ५ डिसेंबरला सिंधच्या वाळवंटात पडलं. घड्याळ पाकिस्तानी वेळेला लावून, आपण पाकिस्तानी हवाई दलातले मन्सूर अली आहोत असं सांगत ते तासन् तास सीमेच्या दिशेनं चालले. गावकऱ्यांनी पाणी दिलं, विश्वासही ठेवला. शेवटी कुणीतरी म्हणालं, कलमा म्हणून दाखवा. तिथे सोंग संपलं.

इथे कायद्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडे कैद्यानं पळणं म्हणजे गुन्हा असं समीकरण डोक्यात असतं. युद्धकैदी गुन्हेगार नसतो. त्याला शिक्षा म्हणून डांबलेलं नसतं, पुन्हा लढायला जाऊ नये म्हणून अडकवलेलं असतं. त्यामुळे पळण्याचा प्रयत्न फसला तर जिनिव्हा करारानुसार त्याला फक्त शिस्तभंगाची शिक्षा देता येते, आणि ती कोणत्याही परिस्थितीत ३० दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. गंभीर जखमी कैद्याला प्रवास झेपू लागताच मायदेशी पाठवावं, असंही त्यात आहे. कॅप्टनच्या दर्जापर्यंतच्या अधिकाऱ्याला महिन्याला ५० स्विस फ्रँकांएवढी उचल मिळावी, हेसुद्धा. हे पैसे पुढे महत्त्वाचे ठरतात.

नाशिकनं कुंपणाची दुसरी बाजू पाहिली आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारनं भारतात सापडलेल्या जर्मन आणि ऑस्ट्रियन लोकांना धरून अहमदनगरला, मग देवळालीला ठेवलं होतं. त्यात हाइनरिख हारर नावाचा एक ऑस्ट्रियन गिर्यारोहक होता. नंगा पर्वताची वाट शोधून परत निघालेला, कराचीत अडकलेला. देवळालीच्या कुंपणाआड तो हिमालयाकडेच डोळे लावून बसलेला असणार. पुढे त्याला डेहराडूनला हलवलं. तिथून तो पळाला, पकडला गेला, एकांतवास भोगला, पुन्हा पळाला. २९ एप्रिल १९४४ ला निघालेला हा माणूस जानेवारी १९४६ मध्ये ल्हासाला पोचला. हारर नाझी संघटनेचा सदस्य होता हे १९९७ मध्ये उघड झालं. त्याच्या धाडसाचं कौतुक करताना हे झाकून ठेवणं बरोबर नाही. पण कैदी माणसाचं मन कसं चालतं, हे त्याच्या खटाटोपातून कळतं. एकदा फसल्यावर तो हताश होत नाही. कुठे चुकलं याचा हिशोब मांडायला बसतो.

रावळपिंडीत परुळकर हाच हिशोब मांडत होते. २ जुलै १९७२ रोजी सिमला करार झाला, तेव्हा आता सुटका होणार असं छावणीत वाटू लागलं. पण भारताकडे पाकिस्तानचे ९० हजारांहून अधिक कैदी होते, आणि त्यांचा प्रश्न बांगलादेशाशी जोडलेला. नियंत्रण रेषेच्या आखणीचा घोळ चालू होता. तारीख कुणी सांगत नव्हतं. थांबायचं किती? सगळ्यांचं मत एक नव्हतं. सुटका जवळ आली असताना जीव कशाला धोक्यात घालायचा, हा युक्तिवाद भित्रेपणाचा मुळीच नव्हता. पळणाऱ्यांपेक्षा मागे राहणाऱ्यांना जास्त सोसावं लागणार हे उघड होतं. तरी शेवटी जायचं ठरलं. परुळकर, मलविंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी, असे तिघे. तिघेही फ्लाइट लेफ्टनंट.

जायचं कुठे? रावळपिंडीहून भारताची हद्द काश्मीरच्या बाजूला जवळ, पण तिथे दोन्हीकडे सैन्य आणि मधल्या जमिनीत सुरुंग. म्हणून उलटी दिशा धरली. पश्चिमेला ग्रँड ट्रंक रोडनं पेशावर, तिथून खैबर खिंड, खिंडीपलीकडे तोरखम आणि अफगाणिस्तान. पेशावरपर्यंत पावणेदोनशे किलोमीटर, पुढे पन्नास-पंचावन्न. अंतर जास्त, पण रस्ता सार्वजनिक. गर्दीत माणूस लपतो, माळावर दिसतो.

मग सुरू झालं गवंड्याचं काम, उलट्या बाजूनं. एका कोठडीच्या मागच्या भिंतीपलीकडे हवाई दलाच्या भरती कार्यालयाचं आवार होतं आणि त्याच्यापुढे शहराचा मोठा रस्ता. भिंत विटांची. कात्री, स्क्रू-ड्रायव्हर अशी फुटकळ हत्यारं. विटेच्या कडेची दर्ज खरवडायची, चुरा गोळा करायचा, वीट हळूच काढायची, सकाळ व्हायच्या आत परत बसवायची. एक जण खाटेखाली आडवा होऊन खरवडतोय, दुसरा दाराशी कान देऊन उभा, तिसरा बाहेरच्या पहारेकऱ्याशी गप्पा मारतोय. ज्यांना जायचं नव्हतं तेही या पाळ्यांमध्ये होते. बाहेरच्या बाजूचा गिलावा मात्र शेवटच्या रात्रीपर्यंत शाबूत ठेवायचा. हा गिलावा एका धक्क्यात पडेल असा अंदाज होता. तो चुकला, सिमेंट टणक निघालं आणि बेत एकदा पुढे ढकलावा लागला.

दर महिन्याच्या उचलीतून पैसे बाजूला पडत होते. सुका मेवा आणि आटवलेलं दूध साठत होतं. पठाणी सलवार-कमीज तयार झाले. पण या सगळ्या तयारीतली एक वस्तू हातात घेऊन बघावी अशी आहे. ती कामतांनी बनवलेली.

दिशा कळायला होकायंत्र हवं. ते कोण देणार? दोन्ही पाय प्लास्टरमध्ये घालून पडलेल्या कामतांनी शिवणाची सुई घेतली आणि लोहचुंबकावर एकाच दिशेनं घासघासून तिच्यात चुंबकत्व आणलं. शर्टाच्या टिचबटणाचा एक भाग तिच्यासाठी टेकू झाला. सुई त्या टेकूवर तोलली की हलत, डोलत उत्तरेला येऊन थांबायची. असं ते नखाएवढं यंत्र. ज्या माणसाला कोठडीच्या दारापर्यंत जायला आधार लागत होता, त्यानं दुसऱ्यांना दोनशे किलोमीटर पलीकडची वाट दाखवायची सोय केली होती. मोठमोठ्या लढायांच्या वर्णनांत जखमी माणूस स्ट्रेचरवरून चित्राबाहेर जातो. इथे तो चित्राच्या मधोमध आहे. कैदेत कुणाचा किती उपयोग आहे, हे त्याच्या पायांवर ठरत नाही.

१४ ऑगस्ट हा पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन. त्याच्या तोंडावर सुट्टीचा माहोल, पहारा ढिला. १२ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे १३ तारखेच्या सुरुवातीला, रविवार लागला असताना, त्यांनी गिलाव्याला शेवटचा हात घातला. बाहेर धुळीचं वादळ सुटलं होतं. आवारातला चौकीदार तोंडावर पांघरूण ओढून पडला होता. तिघे भोकातून सरपटत बाहेर आले, भिंत चढले आणि रस्त्यावर उतरले. सिनेमाचा शेवटचा खेळ नुकताच सुटला होता. घरी निघालेल्या प्रेक्षकांच्या गर्दीत तीन माणसं मिसळली. बसस्टँडवर पेशावरची बस मिळाली.

कुणी विचारलंच, तर पाकिस्तानी हवाई दलातले ख्रिश्चन कर्मचारी, लाहोरहून फिरायला आलेले. परुळकरांचं नाव फिलिप पीटर, सिंहजींचं हॅरल्ड जेकब. हे सोंग नीट विचार करून घेतलेलं होतं. पाकिस्तानी हवाई दलात ख्रिश्चन अधिकारी खरोखरच होते. सेसिल चौधरी हे १९६५ च्या युद्धातले त्यांचे नावाजलेले वैमानिक. शिवाय ख्रिश्चनाला कुणी कलमा म्हणायला सांगणार नाही. भार्गवांच्या फसलेल्या सोंगातून तुकडी हे शिकली होती.

पेशावर, जमरूद, मग खिंडीतला चढता रस्ता. सकाळी साडेनऊच्या सुमारास तिघे लंडी कोतलला होते. इथून सीमा चार मैल. तासाभराची चाल.

लंडी कोतलच्या बाजारात सगळ्यांच्या डोक्यावर काहीतरी होतं, यांची डोकी उघडी. ते लक्षात आल्यावर टोप्या विकत घेतल्या. चहा घेतला. आणि मग विचारलं, लंडी खानाला जायला काय मिळेल?

घात झाला तो या प्रश्नानं. त्यांच्याकडच्या जुन्या नकाशात खैबर रेल्वेचं शेवटचं स्टेशन लंडी खाना होतं. नकाशा खोटा नव्हता. इंग्रजांनी १९२५ मध्ये लंडी कोतलपर्यंत आणि १९२६ मध्ये लंडी खानापर्यंत रूळ नेले होते. पण तो शेवटचा तुकडा १९३२ मध्येच बंद झाला. चाळीस वर्षांत ते नाव लोकांच्या तोंडातून गेलं होतं. पुढे जाणारा प्रत्येक जण तोरखम म्हणायचा. नाशिकच्या एखाद्या रिक्षावाल्याला कुणी अर्ध्या शतकापूर्वी उठलेल्या थांब्याचं नाव सांगितलं, तर तो आधी माणसाकडे नीट बघेल. लंडी कोतलच्या बाजारानं तेच केलं. तहसील कचेरीतला एक कारकून जवळ आला. कोण तुम्ही? तिकडे कशाला निघालात? उत्तरं पटली नाहीत. तिघांना तहसीलदारापुढे उभं केलं गेलं.

आदिवासी पट्टा, सीमेचा भाग, तीन अनोळखी पुरुष, खिशात घरगुती होकायंत्र. हेर म्हणून तिथल्या तिथे निकाल लागायला एवढं पुरे होतं. युद्धकैदी म्हणून ओळख पटली तर कायदा पाठीशी, नाही पटली तर कुणीच नाही. परुळकरांनी त्या क्षणी जो विचार केला, त्याला तोड नाही. त्यांनी एका माणसाशी फोनवर बोलू द्या म्हणून आग्रह धरला. तो माणूस म्हणजे उस्मान हमीद. छावणीच्या प्रमुखपदावरून बदलून ते पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांचे सहायक अधिकारी (एडीसी) झाले होते. फोन लागला. हमीद यांना पलीकडचा आवाज ओळखीचा होता. ही माणसं आमची आहेत, त्यांना सुरक्षित ठेवा, असा निरोप त्या भागाचा कारभार बघणाऱ्या पोलिटिकल एजंटच्या कचेरीला गेला आणि तिघांचे जीव वाचले.

ज्याच्या कैदेतून पळालो, त्याच्याच सचोटीवर जीव टाकायचा. आठ महिन्यांत परुळकरांनी भिंतीइतकंच माणसांचंही निरीक्षण केलं होतं, आणि भिंतीपेक्षा माणसाचा अंदाज बरोबर निघाला. उस्मान हमीद यांचं नाव भारतीय हवाई दलाच्या त्या पिढीत आदरानं घेतलं गेलं, ते उगीच नव्हे. युद्धाच्या आठवणींत शत्रूचा चांगुलपणा सांगायला मोठं मन लागतं. परतलेल्या वैमानिकांनी तो मोकळेपणानं सांगितला.

तिघांना एकांतवासाची शिक्षा झाली. इकडे रावळपिंडीत भिंतीतलं भोक सापडल्यावर मागे राहिलेल्यांना चौकशीला तोंड द्यावं लागलं. ते सगळे आधीपासून हे जाणून होते. नंतर या वैमानिकांना लायलपूरच्या तुरुंगात हलवण्यात आलं. आता त्याला फैसलाबाद म्हणतात. तिथे भूदलातले भारतीय कैदी शेकड्यांनी होते. नोव्हेंबरच्या अखेरीस झुल्फिकार अली भुट्टो स्वतः त्या तुरुंगात आले आणि सुटकेची घोषणा करून गेले. १ डिसेंबर १९७२ रोजी परुळकर, ग्रेवाल, सिंहजी आणि त्यांचे सोबती वाघा सीमेवरून पायी भारतात आले. त्या दिवशी पाकिस्तानातून सहाशेच्या वर भारतीय सैनिक परतले.

परुळकर पुन्हा कामावर रुजू झाले. हवाई दल अकादमीत त्यांनी नव्या मुलांना उडायला शिकवलं, खडकवासल्याच्या एनडीएमध्ये बटालियन कमांडर म्हणून काम केलं. कैदेतल्या कामगिरीबद्दल सरकारनं त्यांना विशिष्ट सेवा पदक दिलं. ‘विशिष्ट सेवा’ हे शब्द इथे नेमके बसतात. लढाईतल्या शौर्याचं पदक त्यांच्याकडे आधीपासून होतं. हे दुसरं पदक सेवेचं आहे, आणि ती सेवा कोठडीत झाली होती, हे सरकारनं मान्य केलं. जाफा यांनी पुढे या दिवसांवर पुस्तक लिहिलं. कॅनडाच्या फेथ जॉन्स्टन यांनी त्यांच्यातल्या अनेकांना भेटून ‘फोर माइल्स टु फ्रीडम’ लिहिलं. चित्रपटही झाला.

म्हणजे वैमानिकांची गोष्ट टिकली. ते अधिकारी होते, लिहिणारे होते, त्यांना भेटायला लेखक आले. बाकीच्यांचं काय, हा प्रश्न टोचत राहतो. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचं नावच पुणे डिव्हिजन होतं, आणि तिच्यात मराठा पलटणींचे जवान होते. कुत-अल-अमाराचा वेढा १४७ दिवस चालला. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांच्या हाती पडली. उपासमारीनं खंगलेल्या, जखमी, आजारी माणसांना वाळवंटातून पायी नेलं. हजारो वाटेत मेले. जे आपापल्या गावी परतले, त्यांनी काय सांगितलं? कुणाला सांगितलं? दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत पकडले जाऊन इटलीच्या छावण्यांत वर्षं काढलेले, सिंगापूर पडल्यावर जपान्यांच्या हाती सापडलेले, १९६२ मध्ये थंडीनं गारठलेल्या अवस्थेत चीननं नेलेले, अशा जवानांच्या किती हकिगती मराठीत कागदावर आल्या? फार थोड्या. पकडलं जाणं ही आपल्याकडे लाज समजली गेली. घरी आलेला माणूस गप्प बसला आणि घरच्यांनीही विचारलं नाही.

काही जण तर गप्प बसायलाही परत आले नाहीत. ५ डिसेंबर १९७१ रोजी फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचं सुखोई-७ पाकिस्तानात पडलं. पकडलेल्या भारतीय वैमानिकांची नावं पाकिस्तानी वृत्तपत्रात छापून आली, त्यात ‘टोंबे’ असं एक नाव होतं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. त्यांनी उरलेलं आयुष्य पतीचा शोध घेण्यात घातलं. जून २००७ मध्ये बेपत्ता सैनिकांच्या नातेवाइकांचं पथक पाकिस्तानातले तुरुंग बघायला गेलं, त्यात त्याही होत्या. हाती काही लागलं नाही. ज्या ५४ जणांच्या यादीची दशकानुदशकं चर्चा झाली, त्यात विजय तांबे यांचं नाव आहे. वाघ्यावरून परतलेल्यांबरोबर ते आले नाहीत, एवढंच नक्की सांगता येतं.

नाशिक, सिन्नर, निफाड, दिंडोरीकडच्या गावांत आजही अशी घरं आहेत जिथे भिंतीवर गणवेशातल्या आजोबांचा किंवा पणजोबांचा फोटो आहे आणि माळ्यावर त्यांची लोखंडी ट्रंक. त्या ट्रंकेत पदकं असतील, पेन्शनची कागदपत्रं असतील, एखादं रेड क्रॉसच्या शिक्क्याचं पोस्टकार्डही असेल. पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांच्या नोंदी जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसनं इंटरनेटवर खुल्या केल्या आहेत. पलटणीचं आणि माणसाचं नाव माहीत असेल तर शोध घेता येतो. त्याहून सोपी गोष्ट म्हणजे ६२, ६५ किंवा ७१ चा कुणी जवान घरात किंवा गल्लीत असेल, तर त्याच्याजवळ बसा आणि मोबाइलवर त्याचा आवाज टेप करा. लढाईचं तो आपणहून सांगेल. पकडलं गेल्यानंतरचं मात्र विचारावं लागेल. ते विचारा, आणि तो बोलायला लागला की मध्ये थांबवू नका.